गुराबेला रंग कोणता द्यायचा?

फुलचूरला येऊन जहाजांवर बोलायचं म्हटल्यावर आमच्यातल्याच एकानं विचारलं होतं, "तिथे कोण ऐकणार? समुद्र कुठे, गोंदिया कुठे!" खरं आहे. इथून रेल्वेनं मुंबई साधारण हजार किलोमीटर. पण आजचं व्याख्यान संपेपर्यंत तुमच्या लक्षात येईल की मराठा आरमाराचं लाकडी जहाज कसं दिसत असेल हे समजून घ्यायला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी तुमच्या घरात, गोठ्यात आणि बांधीत आहेत. म्हणून विषय इथेच मांडावा असं आम्हाला वाटलं.

आम्ही चार-पाच जण हौशी. लाकूड, पुठ्ठा, दोरा यांतून जुन्या जहाजांचे नमुने, म्हणजे लहान प्रतिकृती, करतो. शाळांच्या प्रदर्शनांत त्या मांडतो. सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करू.

पहिली मोठी प्रतिकृती आम्ही केली ती आंग्र्यांच्या काळातल्या गुराबेची. दीड फूट लांब, दोन डोलकाठ्या. बांधणीला आठ महिने लागले आणि रंग दिला दोन दिवसांत! अंग काळं, त्यावर तोफांच्या ओळीतून जाणारा पिवळा पट्टा, पाण्याखालचा भाग चकचकीत तांब्याचा. वरून वार्निश. दिसायला फार देखणी. प्रदर्शनात लोक फोटो काढत होते. सहावीतली एक मुलगी बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "सर, हा पिवळा पट्टा तेव्हा होता, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

आमच्याजवळ उत्तर नव्हतं. पट्टा आम्ही एका इंग्रज युद्धनौकेच्या किटच्या खोक्यावरून उचलला होता. घरी येऊन तारखा पडताळल्या तेव्हा लाज वाटली. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची ती पद्धत नेल्सनच्या नावानं ओळखली जाते, म्हणजे १८०५ च्या ट्राफल्गारच्या लढाईच्या आसपासची. कान्होजी आंग्रे वारले १७२९ मध्ये. पाऊणशे वर्षांचा घोळ. तांब्याचंही तसंच. लढाऊ जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकण्याचा प्रयोग इंग्रजांनी 'अलार्म' या जहाजावर केला १७६१ मध्ये, आणि सगळ्या आरमाराला तो पत्रा बसला त्याहीनंतर, १७८० च्या सुमारास. म्हणजे आम्ही कान्होजींच्या गुराबेला, त्यांच्या मरणानंतर जन्मलेल्या माणसांचे कपडे घातले होते.

यात बिघडलं काय, असं कुणी विचारेल. बिघडतं असं की त्या दिवशी तीनशे मुलांनी ती गुराब पाहिली. पुस्तकातला परिच्छेद मुलं विसरतात, डोळ्यांनी पाहिलेला रंग विसरत नाहीत. त्यांच्यापुरता तोच इतिहास झाला. म्हणून आजचा प्रश्न हा: पुरावा तुटपुंजा असताना रंग प्रामाणिकपणे कसा निवडायचा?

जहाज हाती असूनही चुकलेले रंग

आधी जरा बाहेरच्या देशांत जाऊ, कारण तिथे प्रत्यक्ष जहाजं शिल्लक आहेत. स्वीडनचं 'वासा' हे युद्धजहाज १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडालं आणि १९६१ मध्ये जवळजवळ अखंड वर काढलं गेलं. त्यावर शेकडो कोरीव मूर्ती. पण तीनशेहून जास्त वर्षं पाण्यात राहिल्यावर रंग गेलेला. सुरुवातीला अभ्यासकांचा समज असा झाला की निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी मूर्ती असतील. पुढे लाकडाच्या फटींत अडकलेले रंगाचे कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा कळलं की पार्श्वभूमी लाल होती आणि मूर्ती अनेक रंगांत रंगवलेल्या होत्या. तोवर निळ्या 'वासा'ची चित्रं जगभर पोचली होती.

दुसरं जहाज नेल्सनचं 'व्हिक्टरी', इंग्लंडात पोर्ट्समथला उभं आहे. त्याचा पिवळा सगळ्यांना पाठ. पण रंगाचे एकावर एक बसलेले ७२ थर तपासल्यावर निष्कर्ष निघाला की ट्राफल्गारच्या वेळचा पट्टा त्या ठसठशीत पिवळ्यापेक्षा बराच फिकट, किंचित गुलाबी छटेचा होता. २०१५ मध्ये जहाज त्या रंगानं पुन्हा रंगवलं.

मुद्दा लक्षात घ्या. जहाज समोर उभं, प्रयोगशाळा हाताशी, तरी रंग ठरवायला इतकी वर्षं लागली. आणि आपल्याकडे? आंग्र्यांच्या आरमाराचा मोठा भाग फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात जळाला. तपासायला फळी नाही, थर नाही.

मग लिखाण काय सांगतं? रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकारानं अठराव्या शतकात गुराब आणि गलबत यांचं बारकाईनं वर्णन केलं. गुराब लांबीच्या मानानं रुंद, उथळ पाण्यात चालणारी, पुढे निमुळती होत गेलेली लांब नाळ. दोन डोलकाठ्यांची असेल तर साधारण १५० टनांपर्यंत, तीनची असेल तर ३०० च्या आसपास. गलबत लहान, क्वचितच ७० टनांच्या वर, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. काही गलबतांवर वजन कमी राहावं म्हणून चिरलेल्या बांबूचा डेक. एवढं सगळं तो सांगतो. रंगाबद्दल अक्षर नाही. आपल्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजं कशी असावीत, लाकूड कुठून घ्यावं, रयतेच्या आंब्या-फणसाला हात का लावू नये, पावसाळ्यात आरमार कसं सांभाळावं, हे त्यात आहे. रंगकाम मात्र आज्ञा करण्याएवढं महत्त्वाचं त्यांना वाटलेलं दिसत नाही.

तर मग रंग शोधायचा कुठे? आम्ही अनुभवानं या निष्कर्षाला आलो की जुन्या कामकरी जहाजाचा रंग बहुतेक वेळा कुणी 'निवडलेला' नसतो. तो लाकडाचा असतो, लावलेल्या तेलाचा असतो, उन्हापावसाचा असतो. म्हणून रंगाचा तक्ता बाजूला ठेवायचा आणि सामानापासून सुरुवात करायची.

लाकूड, तेल, चुना, दोर

पहिलं लाकूड. पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या जहाजांचं मुख्य लाकूड म्हणजे सागवान. ते किती टिकतं याचा दाखला हवा असेल तर मुंबईच्या गोदीत बांधून १८१७ मध्ये पाण्यात सोडलेलं 'ट्रिंकोमाली' पाहा. सागवानी आहे आणि आज इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे.

आता सागवानाचा रंग सांगा म्हटलं तर समोरची मंडळी हसतील. तुमच्याइतकं सागवान कुणी पाहिलंय! पण नीट आठवा, रंग एकच आहे का? नुकता चिरलेला साग सोनेरी पिवळसर. वर्षभरानं तपकिरी. दाराची चौकट तेल देऊन सांभाळली तर गडद, जवळजवळ चॉकलेटी. आणि उघड्यावर पडलेली जुनी बंडी? राखाडी, चंदेरी झाक असलेली. आज घरी गेल्यावर जुन्या दाराची चौकट वरून खालपर्यंत बघा. वर छपराच्या आडोशाला तपकिरी, खाली पावसाचे शिंतोडे उडतात तिथे करडी. एकाच लाकडाचे हे दोन रंग म्हणजे तुमच्या जहाजाचे दोन भाग. तेल दिलेलं अंग गडद तपकिरी. पायाखाली घासला जाणारा, खाऱ्या पाण्यानं धुतला जाणारा डेक करडा.

दुसरं तेल. कोकणात लाकडी होड्यांना मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजाचं तेल लावायची जुनी चाल. वास असा की माणूस पळून जावा! पण लाकूड पाणी धरत नाही. हे तेल लाकडाला काळपट, खोल तपकिरी करतं. युरोपातले रंगारी त्या काळी रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटायचे. जवस आपल्या झाडीपट्टीत धानाच्या ओल्या बांधीत टाकतात, ते तुम्ही आम्हाला सांगाल. पेंटर ज्याला 'बेलतेल' म्हणतो ते उकळलेलं जवसाचं तेलच. शेंगदाण्याचं तेल ओलंच राहतं, जवसाचं हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं आणि पापुद्रा धरतं. पण तेही काळानुसार पिवळं पडतं. सांगायचं इतकंच, की त्या काळचा कोणताही पांढरा आजच्या कागदासारखा पांढरा राहत नव्हता.

तिसरा चुना. पाण्याखालच्या लाकडाला पोखरणारा किडा लागतो. त्यावर उपाय म्हणून चुना आणि तेल किंवा चरबी एकत्र मळून तळाला लेप द्यायची रीत आपल्या किनाऱ्यावर आणि पलीकडे अरबस्तानातही होती. म्हणजे तळ तांब्याचा लाल नव्हे, मळकट पांढरा. पाण्याच्या रेषेशी त्यावर शेवाळाची हिरवट पट्टी.

चौथं शीड आणि दोर. इंग्रजांची शिडं जवसाच्या जातीच्या धाग्याची, आपली सुती. कोरं मांजरपाट डोळ्यांपुढे आणा, तोच रंग. उन्हानं थोडं विटलेलं, पावसानं घडीवर डाग पडलेलं. दोरांतही फरक. युरोपी जहाजाचे उभे दोर डांबर पाजलेले, म्हणून काळे. आपल्याकडे काथ्या भरपूर, तो तांबूस तपकिरी. आमच्या पहिल्या गुराबेला आम्ही काळा शिवणदोरा लावला होता. तीही किटच्या खोक्याची देणगी.

आणि गलबतावरचा तो चिरलेल्या बांबूचा डेक? त्याचा रंग आम्ही तुम्हाला काय सांगणार. घरच्या तट्ट्याकडे बघा. नवा हिरवट पिवळा, सहा महिन्यांनी वाळक्या गवतासारखा, दोन वर्षांनी करडा.

तारखेची चाळणी

आता कुणी म्हणेल, जहाजावर मुळीच रंगकाम नव्हतं का? नाळेवर, मागच्या बाजूला, कुठे तरी नक्षी किंवा पट्टा असू शकतो. तिथे आम्ही एक चाळणी लावतो: हा रंग त्या साली जगात होता का?

गेरू, पिवळी माती, काजळी, चुना, नीळ, शेंदूर, हिंगूळ, हरताळ हे जुने रंग, ते चालतील. त्यातही गेरू आणि काजळी स्वस्त, हिंगूळ महाग; मग जहाजभर हिंगूळ फासणार कोण? प्रशियन निळा जर्मनीत सापडला १७०४ ते १७०६ च्या दरम्यान, तेव्हा शिवकाळातल्या जहाजावर तो नको. क्रोम पिवळा एकोणिसाव्या शतकातला. टायटॅनियमचा झगझगीत पांढरा तर विसाव्या शतकातला. कोकणात आज ज्या निळ्या-हिरव्या-केशरी होड्या दिसतात, त्या ऑइलपेंटच्या डब्यातून आल्या आहेत. सुंदर आहेत, पण त्यांच्यावरून सतराव्या शतकाचा रंग उचलायचा नाही.

रंग बरोबर, तरी दिसायला चूक

समजा, आपण अंगाचा तपकिरी अगदी अचूक काढला आणि प्रतिकृतीला लावला. तरी ती खेळण्यासारखी दिसते. असं का?

आमची प्रतिकृती १:७२ प्रमाणातली. म्हणजे तिच्यातला १ सेंटिमीटर हा खऱ्या जहाजाचा ७२ सेंटिमीटर. तुम्ही ती ५० सेंटिमीटरवरून बघता, तेव्हा खरं जहाज ३६ मीटरवरून बघितल्यासारखं आहे. आणि अंतर वाढलं की मधली हवा रंग फिका करते. धुऱ्यावर उभे राहा. जवळचं झाड गर्द हिरवं, दूरची झाडांची रांग निळसर करडी. पानांचा रंग तोच, मधे हवा आली. म्हणून लहान प्रतिकृतीसाठी मूळ रंग थोडा फिका करायचा. प्रतिकृती करणाऱ्यांमध्ये रूढ अंदाज असा: १:४८ ला साधारण १० टक्के पांढरा मिसळा, १:७२ ला साधारण १५ टक्के. हा नियम नाही, अंदाज आहे. लाल किंवा तपकिरीत पांढरा घातला की तो गुलाबी होऊ लागतो. तिथे पांढऱ्याऐवजी फिका करडा किंवा मातकट पिवळा घाला.

चमकही तशीच. तेल दिलेलं लाकूड हाताच्या अंतरावरून चमकतं, ३६ मीटरवरून मंद दिसतं. म्हणून चकाकणारं वार्निश नको. मॅट किंवा फार तर मंद चमकीचं. आणि फळ्या? खरी फळी ३० सेंटिमीटर रुंद धरली तर १:७२ ला ती जेमतेम ४ मिलिमीटर. त्यावर लाकडाच्या रेषा दिसतच नाहीत. त्याऐवजी एकेका फळीची छटा अगदी किंचित गडद-फिकी ठेवली की डोळ्यांना लाकूड 'पटतं'.

आमची सध्याची रीत सांगतो, शाळेतली मुलंही करू शकतील. साधे ऍक्रेलिक रंग पुरतात. पाण्यावरच्या अंगाला बर्न्ट अंबर तीन भाग, बर्न्ट सिएना एक भाग, मग थोडा फिका मातकट पिवळा. डेकला रॉ अंबरमध्ये पांढरा आणि काळ्याचा ठिपका. तळाला पांढऱ्यात यलो ऑकर आणि रॉ अंबर चिमूटभर, हाडासारखा पांढरा येईपर्यंत. टायटॅनियम व्हाइट वापरायला हरकत नाही, फक्त तो निखळ दिसू द्यायचा नाही. लोखंडी तोफेला शुद्ध काळा नको, काळ्यात थोडा तपकिरी आणि करडा. सगळं वाळल्यावर पातळ तपकिरी पाणी फटींत सोडायचं आणि फडक्यानं पुसायचं. पट्टी रंगवून आधी उन्हात बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघतात, हा फटका आम्ही खाल्लेला आहे.

खात्रीचे तीन खण

हे सगळं करूनही आपण अंदाजच करतो आहोत, हे लपवायचं नाही. आम्ही प्रत्येक प्रतिकृतीसोबत एक पाटी ठेवतो. तिच्यावर तीन खण. पहिला 'पक्कं': सागवान, सुती शीड, भगवं निशाण. दुसरा 'बहुधा': तेलानं गडद झालेलं अंग, चुन्याच्या लेपाचा तळ, काथ्याचे दोर. तिसरा 'आमची निवड': नाळेवरचा गेरूचा पट्टा. तो तिथे होता असं आमच्याजवळ काहीही नाही. आम्हाला बरा वाटला म्हणून दिला आणि तसं लिहिलं.

आम्हाला भीती होती की ही पाटी वाचून लोक म्हणतील, यांना काही ठाऊकच नाही. झालं उलटंच. मुलं आधी पाटी वाचतात आणि मग वाकून जहाज बघतात. तिसऱ्या खणावर वाद घालतात. तिथे गेरू का, नीळ का नको, असं विचारतात.

दोन प्रश्न

मागून एक काका विचारताहेत, "आपलं आरमार भगव्यासाठी लढलं. मग जहाज भगवं रंगवलं तर काय चुकलं?" काका, भावना आमचीही तीच आहे. निशाण भगवंच लावू, डोलकाठीवर दिमाखात लावू. फक्त आजच्या रासायनिक रंगाचा झळझळीत केशरी नको. झाडांपासून केलेले बरेच रंग उन्हात उतरतात. होळीला पळसफुलांच्या रंगात भिजवलेला सदरा पंधरा दिवस उन्हात टाकून बघा. पण अख्खं जहाज भगवं रंगवलं तर मुलाला वाटेल की आरमार म्हणजे मिरवणुकीतला चित्ररथ. कल्याण-भिवंडी १६५७ मध्ये स्वराज्यात आल्यावर त्या खाडीत जहाजं बांधायला सुरुवात झाली ती सुतारांनी, लोहारांनी, खलाशांनी केली. तेलानं काळवंडलेलं अंग दाखवलं की त्यांची मेहनत दिसते. आम्हाला त्यात कमीपणा वाटत नाही.

दुसरा प्रश्न या ताईंचा: "आमच्या शाळेत गलबत करायचं आहे, समुद्र कुणीच पाहिला नाही. सुरुवात कुठून करू?" ताई, सागवानाच्या तीन पट्ट्या घ्या. एक तशीच उघड्यावर ठेवा, एकीला बेलतेल द्या, एकीच्या अर्ध्या भागाला चुना आणि तेल मळून लावा. आत्ता ठेवल्या तर एक पावसाळा जाऊ द्या. दर महिन्याला मुलांना त्या पट्ट्यांचा रंग कागदावर उतरवायला सांगा, तारखेसह. नवेगावबांधच्या तलावावर सहल नेलीत तर ढिवर मंडळींना विचारा, डोंग्याला काय लावता, किती दिवसांनी लावता. पावसाळ्यानंतर मुलांच्या हातात स्वतःचा रंगतक्ता असेल, आणि कुणी विचारलं की हा रंग कसा ठाऊक, तर त्यांना उत्तर देता येईल.

आमची ती पहिली गुराब अजून आमच्याकडे आहे. पुन्हा रंगवलेली नाही. काळी, पिवळी, तांब्याच्या तळाची, तशीच ठेवली आहे आणि प्रदर्शनात नव्या गुराबेशेजारी मांडतो. तिच्याही पाटीवर लिहिलं आहे: यात तीन चुका आहेत, शोधा. येताना ती सोबत आणली आहे, मागच्या टेबलावर आहे. जाताना जरूर बघा. चौथी चूक सापडली तर आम्हाला सांगा.